दीड इंच कमी

मित्रांनो, शाळेच्या मागच्या व्हरांड्यात तुमच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा माठ आहे. तो ज्या लोखंडी कड्यात बसवला आहे, ते कडे म्हणजे मी. नीट पाहिलेत तर माझ्या एका बाजूला भोके पाडलेली जाड पट्टी दिसेल. त्या भोकांत पूर्वी बोल्ट होते आणि मी दहा फूट उंचीवर एका लाकडी फळीला लटकत होते. मी एक जुनी बास्केटबॉलची रिंग आहे.

मला इथे कोणी पाहत नाही, याची माझी तक्रार नाही. तहान लागलेला मुलगा माठाखाली काय आहे ते कशाला बघेल? पण या पनवेलात एकदा बास्केटबॉल आला होता आणि तो का गेला हे आता फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून सांगते. जे माझ्यासमोर घडले ते पाहिलेले म्हणून सांगेन. जे कानावर आले ते ऐकलेले म्हणून सांगेन.

माझा जन्म चौपन्न साली दाजी लोहारांच्या भट्टीत झाला. तेव्हा पनवेलच्या बैलगाडीच्या चाकांना दूरदूरहून मागणी असे. दाजींचा हात त्याच कामात मुरलेला. लाकडी चाकावर लोखंडाची पट्टी चढवतात, तिला धाव म्हणतात. ती धाव चाकाच्या मापापेक्षा किंचित आखूड कापायची, विस्तवात लाल करून चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचे. लोखंड आवळते आणि चाकाला जन्मभर धरून ठेवते. दाजींनी हेच काम वडिलांच्या हाताखाली शिकून आयुष्यभर केले होते.

आमच्या शाळेचे व्यायामशिक्षक दयाराम सर माप घेऊन त्यांच्याकडे आले. रिंग आतून अठरा इंच हवी, अशा दोन हव्यात, मैदानाच्या दोन टोकांना. दाजींनी माप ऐकले, गज घेतला आणि नेहमीसारखा किंचित आखूड कापला. त्यात लबाडी नव्हती. हात सवयीने चालला, इतकेच. आम्ही दोघी दीड इंचाने लहान जन्मलो. हे दाजींना कळले नाही आणि सरांनाही कळले नाही.

दयाराम सर तेव्हा तिशीच्या आतले होते. मुरूम पसरून, पाणी मारून, रूळ फिरवून त्यांनी मैदान तयार करून घेतले. चेंडू एकच होता. तो मुंबईहून आणलेला, आणि पावसाळ्यात तो सर स्वतःच्या घरी ठेवत. त्यांचा एक नियम होता. चेंडूला हात लागल्याशिवाय एकही मुलगा घरी जायचा नाही. जाड्या, बुटका, धडपडणारा, सगळे खेळत. चेंडू जमिनीवर आपटत पळणे, न बघता बाजूच्याला देणे, लांबून नेम धरणे, सगळे सगळ्यांना शिकवले जाई. त्यामुळे पहिल्या वर्षी आमचा संघ सगळीकडे हरला. मैदानाच्या कठड्यावर बसणारी रिकामटेकडी मंडळी सरांना विचारत, हरायचेच आहे तर एवढी शिट्टी कशाला फुंकता? सर हसत आणि शिट्टी फुंकत.

त्या मुलांत जगन नावाचा एक होता. किराणा दुकानदाराचा मुलगा, बुटका आणि तोंडाने चालू. त्याला लांबून चेंडू टाकण्याचा नाद होता. तो टाकी आणि चेंडू माझ्या काठावर आपटून बाहेर जाई. मग जगन मागे वळून म्हणे, आज रिंगेचा उपास आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकी. वर्षभर त्याने हेच केले. हळूहळू त्याचा नेम इतका बारीक झाला की चेंडू माझ्या काठाला न लागता आत उतरू लागला. दहांतले तीन-चारच, पण जे उतरत ते स्वच्छ उतरत.

मग संघ पेणला खेळायला गेला. तिथे काय झाले ते मी परतलेल्या मुलांच्या तोंडून ऐकले. जगनने लांबून टाकलेले बहुतेक सगळे चेंडू आत गेले होते. पेणच्या रिंगेचं तोंड केवढं मोठं आहे, असे तो सगळ्यांना सांगत होता. संघ थोडक्यात हरला होता, पण मुले जिंकल्यासारखी बोलत होती. त्याचा अर्थ तेव्हा कोणी लावला नाही.

पुढे पेणचा संघ आमच्याकडे आला. त्यांच्या मुलांचे चेंडू एकामागून एक माझ्या काठावरून परत जाऊ लागले. शेवटी त्यांच्यातला एक मुलगा वैतागून म्हणाला, "ही रिंग आहे की बांगडी?" मैदान हसले. आम्ही जिंकलो. आमचा तो पहिला विजय. सर मात्र हसले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शिडी आणि टेप घेऊन आले. माझे माप घेतले, पलीकडच्या टोकाला जाऊन माझ्या जोडीदारणीचे घेतले आणि शिडीवरच थोडा वेळ थांबले.

दाजींना बोलावून घेतले, तेव्हा मी वर लटकलेलीच होते. दाजींना आपली चूक कळली तसे त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. चाकाच्या सवयीने झाले, म्हणाले. सोमवारपर्यंत दोन्ही नव्या करून देतो, म्हणाले. सर म्हणाले, दिवाळीनंतर बघू.

मित्रांनो, इथे सरांची बाजूही सांगितली पाहिजे. त्या सुमारास शाळेत मुले वाढली होती आणि खोल्या कमी पडत होत्या. संस्थेच्या चालकांचा डोळा मैदानावर होता. मुख्याध्यापक खेळाच्या बाजूचे. ते सरांना माझ्यासमोरच म्हणाले होते, की जिल्ह्याची ढाल एकदा शाळेत आणा, मग मैदानावर कुदळ मारायची कोणाची हिंमत होते ते बघू. आणि पुढच्या वर्षीच्या ढालीचे सामने पनवेललाच, आमच्याच मैदानावर ठरले होते.

सरांपुढे दोन वाटा होत्या. माझ्यावर सराव केलेल्या मुलांचा नेम बाहेरच्या कोणत्याही मैदानावर चालला असता, पेणला जगनचा चालला तसा. पण त्याला आणखी दोन-तीन वर्षे लागली असती आणि मधल्या काळात पराभव पचवावे लागले असते. दुसरी वाट जवळची होती. माझ्यात लांबून चेंडू पडणे कठीण, पाहुण्यांचा तर पडतच नाही. मग रिंगेच्या अगदी खाली एक उंच मुलगा ठेवायचा, बाकीच्या चौघांनी चेंडू फक्त त्याच्याकडे पोचवायचा, त्याने उडी मारून तो वरून आत सोडायचा. ढाल घरच्या मैदानावर होती. सरांनी दुसरी वाट धरली. माझ्या मापाविषयी ते कोणाशी बोलले नाहीत.

उंच मुलगा होता. खाडीकाठच्या एका गावातून बांधाबांधाने चालत शाळेत येणारा तुळशीराम. त्याचे वडील बुधाजी आणि आई भामा मिठागरात राबत. घरात मॅट्रिकपर्यंत पोचलेला हा पहिलाच. वर्गाच्या दारात वाकून शिरावे लागे इतका तो उंच होता. मुले त्याला बगळा म्हणत. जगन त्याला विचारी, "बगळ्या, वर हवा कशी हाय?" तुळशीराम शांतपणे सांगे, "खालच्यापरीस बरी."

दोघांची दोस्ती होती. शाळा भरण्यापूर्वी येऊन तुळशीराम जगनकडून चेंडू आपटत पळायला शिकत असे. त्याचा चेंडू पायाला लागून कुठल्या कुठे जाई आणि दोघे हसत. एकदा सरांनी ते पाहिले. ते रागावले नाहीत. तुला त्याची गरज नाही, एवढेच म्हणाले, तू उडीचा सराव कर. त्या दिवसापासून चेंडू आपटणे बंद झाले.

नियमाप्रमाणे रिंगेखाली आखलेल्या भागात तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. सरांनी त्यावर तोड काढली. तुळशीरामने आत यायचे, उडी मारायची, बाहेर जायचे. पुन्हा आत, उडी, बाहेर. हे तो रोज अनवाणी करी, रूळ फिरवून दगडासारख्या झालेल्या मुरुमावर. माझ्या खालची ती जागा त्याच्या टाचांनी खोलगट झाली होती. जगनला सांगण्यात आले, की लांबून टाकायचे नाही, चेंडू तुळशीला द्यायचा. जगनने दोन सामन्यांत सवयीने टाकले. तिसऱ्या सामन्यापासून तो बाकावर बसला. चेंडूला सगळ्यांचा हात लागलाच पाहिजे, हा नियम कधी मोडला ते कोणाच्या लक्षातही आले नाही, कारण आता आम्ही जिंकत होतो. कठड्यावरची मंडळी सरांना दादा म्हणू लागली होती.

मिठाचा हंगाम पौषापासून उन्हाळा संपेपर्यंत चालतो. त्या दिवसांत घरातले प्रत्येक माणूस मिठागरावर लागते. तुळशीरामला तिथून सोडायला बुधाजी तयार नव्हते. सरांनी त्यांना समजावले, की खेळाडूंना मुंबईत नोकऱ्या मिळतात, ढाल जिंकली तर मी स्वतः याला घेऊन जाईन. बुधाजी कबूल झाले, असे ऐकले. ढालीपर्यंत शाळा, पुढचे पुढे. तुळशीरामला मिठागरावर परत जायचे नव्हते. उडी मारताना त्याच्या चेहऱ्यावर ते दिसे.

सामने जवळ आले तसा त्याचा उजवा गुडघा सुजू लागला. आधी त्याने लपवले. मग तो बाहेर जाताना पाय ओढू लागला, तेव्हा सरांनी पाहिले. हाडवैद्याने लेप लावून पट्टी बांधली आणि सांगितले, हंगामभर उडी नको. हे मला त्याची आई भामा मैदानावर आली तेव्हा कळले. ती मिठागरावरून थेट आली होती. पोटऱ्यांवर मिठाचे पांढरे डाग होते. तिने पायातल्या वहाणा मैदानाबाहेर काढून ठेवल्या, देवळाबाहेर ठेवतात तशा.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमाला ढाल पायजे, मला पोराचा पाय पायजे. मिठागरान लंगडा मानूस कोनी ठेवत नाय."

सर म्हणाले की त्याला पूर्ण सामना खेळवणारच नाही, गरज पडली तर फक्त शेवटची काही मिनिटे.

"बांध फुटाया किती येल लागतो, मास्तर?"

उत्तर तुळशीरामने दिले. "आये, तू घरी जा. माजा पाय मला ठावं हाय." ती वहाणा घालून निघून गेली. सरांनी सुटकेचा श्वास सोडलेला मी पाहिला. पोरानेच हो म्हटले, आता प्रश्न मिटला, असा तो श्वास होता.

ढालीचा शेवटचा सामना अलिबागकडच्या एका संघाशी झाला. कठड्यावर, झाडांवर, शेजारच्या कौलांवर माणसे होती. पाहुण्यांचा संघ चांगला होता. त्यांचे चेंडू माझ्यावरून परत जात होते, पण त्यांची पाचही मुले पळणारी, एकमेकांना चेंडू देणारी होती, आणि परत आलेला चेंडू ते पुन्हा पुन्हा उचलत होते. आमची मुले चेंडू घेऊन रिंगेखाली बघत आणि तिथे कोणी नसे. तुळशीराम बाकावर होता, जगनच्या शेजारी. मध्यंतरानंतरही आम्ही मागेच होतो.

थोडीशीच मिनिटे उरली तेव्हा सर बाकापाशी आले. जगन उभा राहिला. मला ते स्पष्ट दिसत होते, कारण बाक माझ्याच टोकाला होते. जगन म्हणाला, "सर, मला सोडा. मी लांबून टाकतो. माझे पडतात." सरांनी त्याच्याकडे पाहिले. तो खोटे बोलत नव्हता हे मी सांगू शकते आणि सरही सांगू शकले असते. पण वर्षभर तो बसून होता आणि ढाल समोर होती. सरांनी तुळशीरामच्या खांद्यावर हात ठेवला.

तो आत आला तसा मैदानातून आवाज उठला. आत, उडी, बाहेर. पहिला चेंडू पडला. दुसरा पडला. प्रत्येक वेळी तो डाव्या पायावर उतरायचा प्रयत्न करत होता. बरोबरी झाली. शेवटचा चेंडू त्याच्याकडे जरा वरून आला, त्याला मागे झेपावून उडी घ्यावी लागली. त्याची बोटे माझ्या काठाला लागली. चेंडू आत उतरला. तो मात्र उजव्या पायावर उतरला, आणि गुडघ्यातून जो आवाज आला तो मी ऐकला. वाळलेली काठी पायाखाली मोडावी तसा होता. लोकांनी तो ऐकला नाही, कारण लोक ओरडत होते.

शिट्टी झाली. आम्ही जिंकलो होतो. माणसे मैदानात घुसली. त्यांनी बाकीच्या चौघांना खांद्यावर घेतले, सरांना घेतले, ढाल डोक्यावर नाचवली आणि मिरवणूक बाजारपेठेकडे निघाली. तुळशीराम माझ्याखाली पडलेला होता. गर्दीला वाटले, तो दमून पडला आहे. त्याच्याजवळ जगन होता आणि थोड्या वेळाने बुधाजी आले. पोराला पाठीवर घेऊन ते निघाले. मिठाची टोपली उचलणाऱ्या माणसालाही त्याचे ओझे झेपत नव्हते, कारण त्याचे लांब पाय जमिनीला लागत होते. जगनने मागून ते पाय उचलून धरले. ताशाचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता.

पुढचे मी थोडक्यात सांगते. सरांनी त्याला मुंबईच्या इस्पितळात नेले, स्वतः त्याच्याजवळ राहिले, असे ऐकले. पाय राहिला, पण गुडघा वाकेना. मुंबईतल्या नोकरीचे नाव पुन्हा कोणी काढले नाही. जगन मॅट्रिक होऊन वडिलांच्या दुकानात बसला, त्याने पुन्हा चेंडूला हात लावला नाही. पुढच्या वर्षी ढालीचे सामने पेणला होते. आमचा संघ पहिल्याच सामन्यात हरला. कोणालाच लांबून टाकता येत नव्हते, कोणालाच पळता येत नव्हते. वर्षभर ती फक्त चेंडू पोचवायला शिकली होती, आणि ज्याच्याकडे पोचवायचा तो नव्हता.

सरांनी दाजींकडून योग्य मापाच्या दोन रिंगा करून आणल्या. त्या मी व्हरांड्यात टेकवून ठेवलेल्या पाहिल्या. पण त्या लावल्या गेल्या नाहीत, कारण त्याच उन्हाळ्यात मैदानावर खोल्यांचा पाया खणायला सुरुवात झाली. ढाल मुख्याध्यापकांच्या खोलीत होती आणि कुदळ मैदानावर. सर बदली मागून गेले. जाण्याआधी ते मोकळ्या झालेल्या खांबापाशी येऊन उभे राहिले होते. ते काय विचार करत होते हे मला माहीत नाही, म्हणून सांगत नाही. माझी जोडीदारीण आणि त्या नव्या दोघी भंगारात गेल्या. माझ्यात माठ घट्ट बसतो असे कोणाच्या तरी लक्षात आले, म्हणून मी उरले.

मित्रांनो, त्या माठात रोज सकाळी पाणी भरणारे, ताठ पाय बाजूला टाकत चालणारे शिपाई तुम्हाला माहीत आहेत. तुम्ही त्यांना तुळशीरामदादा म्हणता. तुमच्यापैकी काही जण त्यांच्या मागे त्यांच्यासारखे चालून दाखवता, तेही मी पाहिले आहे. त्यांच्या पायाला काय झाले हे तुम्हाला कोणी सांगितलेले नव्हते, म्हणून तुम्हाला दोष देत नाही.

गेल्या महिन्यात शाळेत नवे व्यायामशिक्षक आले. नदीकडची पडीक जागा मिळाली तर पुन्हा बास्केटबॉल सुरू करावा असा त्यांचा विचार आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीतली ढाल पाहून त्यांनी चौकशी केली असावी. दुपारच्या सुट्टीत ते पाणी प्यायला आले तेव्हा तुळशीराम माठ पुसत होते. सर उत्साहाने म्हणाले, "अरे तुळशीराम, ती ढाल तू जिंकून दिलीस म्हणे! मग मुलांना शिकवायला ये की. उभं राहून सांगितलंस तरी पुरे."

तुळशीरामनी फडके पिळले, दांडीवर वाळत घातले.

"मला खेल येत नाय, सर," ते म्हणाले. "मला उडी येत व्हती."

सरांना आधी ते नम्रतेचे बोलणे वाटले असावे, ते हसायला गेले आणि थांबले. तुळशीरामनी पेला धुऊन पाणी भरून त्यांच्या हातात दिला आणि सुट्टी संपल्याची घंटा द्यायला ते गेले. सरांनी पाणी तसेच हातात धरून ठेवले होते.

मैदान होईल की नाही मला ठाऊक नाही. झालेच तर तिथे योग्य मापाच्या रिंगा लागतील आणि मी इथेच माठाखाली असेन, ते ठीक आहे. पण तुम्ही तिथे जाल. तेव्हा बाकावर कोण कोण बसून राहिले आहे हे अधूनमधून मोजा, आणि त्यांची पाळी कधी, हे सरांना विचारा. विचारण्याने कोणी रागावत नाही, आणि रागावले तरी चालेल. आणि खेळताना कोणी पाय ओढू लागला तर त्याला बाहेर आणा. सामना कितीही जवळचा असो, त्याला बाहेर आणा. तो नको म्हणाला तरी.